तिसऱ्या प्रकरणातलं विसळण

माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणावरून सरांनी मला तीन वेळा अडवलं. पहिल्यांदा म्हणाले, हे चुकीचं आहे, काढून टाक. दुसऱ्यांदा म्हणाले, हे बरोबर आहे पण जुनं आहे, काढून टाक. तिसऱ्यांदा म्हणाले, राहू दे, पण त्यातलं एक पान तेवढं काढ. पहिल्या दोन वेळा मी तोंडावर नकार दिला. तिसऱ्यांदा हो म्हटलं. त्या होकाराची ही हकिगत आहे आणि ती मी गोडीगुलाबीने सांगणार नाही.

ज्यांचा या जगाशी संबंध नाही त्यांच्यासाठी आधीच सांगते. पीएच.डी.च्या प्रबंधावर मार्गदर्शकाची सही लागते. त्यांनी सही केली नाही तर तुमची पाच वर्षं कपाटात. आणि माझ्या पाच वर्षांत सांगण्यासारखं जे काही होतं ते तिसऱ्या प्रकरणातच होतं. पहिल्या दोन प्रकरणांतलं काम जगात कुणीही करून ठेवलं असतं.

माझा विषय निघाला तो नानांच्या नोकरीतून. माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणतो, धुळे तालुक्यातल्या एका गावी जनावरांच्या दवाखान्यात परिचर होते. म्हैस खोड्यात घालायची, तिचं डोकं धरायचं, शिंगाचा फटका चुकवायचा आणि डॉक्टरांनी सुई टोचून होईपर्यंत तिच्याशी बोलत राहायचं, हे त्यांचं काम. सर्रा झालेली म्हैस ते लांबूनच ओळखायचे. ताप चढतो, उतरतो, डोळ्यांतून पाणी गळतं, आणि मग एके दिवशी जनावर गोल गोल फिरायला लागतं किंवा भिंतीला डोकं टेकून उभं राहतं. गोमाशी चावते, तिच्या तोंडातून हा रोग एका जनावराच्या रक्तातून दुसऱ्याच्या रक्तात जातो. मी दहावीत असताना डॉक्टरांनी मला सूक्ष्मदर्शकातून त्या रक्ताचा थेंब दाखवला. तांबड्या पेशींच्या गर्दीत काहीतरी बारीक मासोळीसारखं वळवळत होतं आणि पेशींना ढुसण्या मारत होतं. एकाच पेशीचा जीव, पण आख्ख्या म्हशीला भिंतीशी नेऊन उभं करतो. मला त्याचा राग आला आणि कौतुकही वाटलं. हे दोन्ही अजून तसंच आहे.

पुढे जळगावला एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मला संशोधनाची जागा मिळाली. सर पहिल्याच दिवशी हसून म्हणाले, तुमच्या लोकांना आता काय, सगळं सोपं झालंय. आमच्या घरात निळ्या कोटातला फोटो आहे, हे त्यांनी माझं आडनाव ऐकून ओळखलं होतं. मी गुणांच्या यादीत वरच्या जागेवर होते हे त्यांना सांगितलं नाही. सांगायची गरज पडावी याचाच मला संताप आला होता. मात्र सरांबद्दल एक गोष्ट खरी सांगायला हवी. ते आळशी नव्हते, वाईटही नव्हते. त्यांना फक्त एवढंच वाटायचं की नवीन काही सापडायचं असेल तर ते इथे सापडणार नाही.

आता त्या जीवाबद्दल. सर्र्याच्या जंतूला वाढायला काही छोटे रासायनिक पदार्थ लागतात आणि ते तो स्वतः बनवतो. ते बनवण्यातल्या एका पायरीसाठी त्याच्याकडे एक एन्झाइम आहे, शाळेच्या पुस्तकात ज्याला विकर म्हणतात ते. गंमत अशी की त्याच्याकडे या एन्झाइमची दोन रूपं आहेत. दिसायला सख्खी भावंडं. एक काम करतं, पण रडतखडत. दुसऱ्याकडे काम करणारा भागच नाही. हत्यार गळून पडलेलं रूप म्हणा. आमच्या प्रयोगशाळेत पहिल्याला 'चालू' आणि दुसऱ्याला 'निकामी' म्हणायचे. बाटल्यांवरही तसंच लिहिलेलं. निकामी या शब्दाची मला चीड यायची, पण तेव्हा माझ्याकडे दुसरा शब्द नव्हता.

ही दोन्ही रूपं आम्ही साध्या जिवाणूंकडून बनवून घ्यायचो आणि मग गाळून शुद्ध करायचो. त्यासाठी निळसर मण्यांनी भरलेली एक काचेची नळी असते. आपल्या एन्झाइमला मुद्दाम लावलेलं शेपूट त्या मण्यांना चिकटतं, बाकी गाळ वाहून जातो, आणि शेवटी आपलं एन्झाइम सोडवून घ्यायचं. नळी महाग, म्हणून आमच्याकडे एकच. चालू रूप काढून झालं की नळी भरपूर ताज्या पाण्याने धुवायची आणि मग त्यातून निकामी रूप काढायचं, हा नियम. भरपूर आणि ताजं, हे दोन्ही शब्द वहीत अधोरेखित केलेले होते.

पण त्या महिन्यात नळाला पाणीच धड येत नव्हतं. ऊर्ध्वपातित, म्हणजे उकळून वाफ थंड करून घेतलेलं, पाणी बनवायच्या यंत्राला थंड राहायला सारखं वाहतं पाणी लागतं, ते नाही म्हणजे शुद्ध पाणीही नाही. दोन कॅन उरले होते आणि तेही बी.एस्सी.च्या परीक्षेसाठी राखलेले. मी काय केलं असेल? जे आमच्या घरात आई करायची तेच. एका तांब्याच्या पाण्यात तीन भांडी. पहिल्याचं विसळण दुसऱ्यात, दुसऱ्याचं तिसऱ्यात, आणि उरलेलं तुळशीला नाही तर कोथिंबिरीला. पाणी ओतून देताना अजूनही माझा हात आखडतो. मी नळीतून एक पेलाभर पाणी सोडलं, खाली ते परत पेल्यात धरलं आणि पुन्हा वरून ओतलं. असं चार-पाच वेळा. मला वाटलं नळी धुतली गेली. पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळेत वाढलेलं माणूस ही चूक करूच शकत नाही. त्याच्या डोक्यात ती येणारच नाही.

मग मी त्याच नळीतून निकामी रूप काढलं आणि सवयीने त्याचीही चाचणी लावली. एन्झाइम काम करत असेल तर मशीनच्या पडद्यावरची रेष खाली उतरते, नसेल तर आडवी पडून राहते. निकामीची रेष नेहमी आडवी असायची. त्या दिवशी ती खाली गेली. सरळ गेली, चालू रूपाची कधी गेली नव्हती इतकी झपाझप. माझ्यासोबत पाचोऱ्याची एक मुलगी काम करायची, शेतकऱ्याच्या घरातली, माझ्याहून दोन वर्षांनी मागे. तिने पडद्याकडे पाहिलं, मग नळीकडे, मग त्या पेल्याकडे, आणि खुर्ची ओढून बसली. तिच्याही घरी विसळण तसंच वापरत असणार.

सरांनी वही पाहिली आणि एका मिनिटात निकाल दिला. नळी नीट धुतली नाहीस, पहिलं दुसऱ्यात मिसळलं, हे दूषित आहे, फेकून दे. सगळं खरं होतं. शेवटचे दोन शब्द सोडून. मी म्हटलं, सर, मिसळलं हे मान्य, पण नळीत राहून राहून किती राहिलं असेल? थेंबभर. डाळीत चिमूटभर मीठ पडलं तर डाळ खारट होईल, पातेलंभर वाढणार नाही. इथे थेंबभर चालूने सबंध बाटलीभर चालूपेक्षा जास्त काम केलंय. म्हणजे त्या निकामीने काहीतरी केलं आहे. सर म्हणाले, चूक झाली की ती मान्य करावी, तिच्यावर सिद्धान्त उभा करू नये. तिसरं प्रकरण काढून टाक. मी नाही म्हटलं. माझा आवाज चढला होता, शेजारच्या खोलीतले लोक दारात आले होते. मला त्याची लाज वाटली नाही.

पुढचे दोन आठवडे मी वाचत बसले. आणि मला सापडलं की सर्र्याच्या जंतूची आफ्रिकेत जी भावंडं आहेत, माणसांना झोपेचा आजार देणारी, त्यांच्यात ही जोडी जगाला आधीच माहीत आहे. तिथे चालू रूपाच्या तोंडावर त्याचाच एक तुकडा आडवा येऊन बसलेला असतो. निकामी रूप येऊन जोडलं गेलं की तो तुकडा बाजूला होतो आणि काम हजार पटीच्या घरात वाढतं. एवढंच नाही, जंतूवर ताण आला की तो हे निकामी रूपच जास्त बनवायला घेतो. म्हणजे लगाम त्याच्याच हातात. मी धावत सरांकडे गेले. सरांनी सगळं शांतपणे वाचलं आणि म्हणाले, अच्छा, म्हणजे तुझं बरोबर होतं. पण मग यात नवीन काय? काढून टाक.

नवीन असतं तेव्हा ती चूक असते आणि खरं असतं तेव्हा ते जुनं असतं, मग आमच्यासारख्यांनी करायचं काय? हे मी मोठ्याने बोलले की मनात, ते आता आठवत नाही. एवढं नक्की बोलले की आफ्रिकेतला जंतू आफ्रिकेत, आपल्या म्हशीच्या रक्तातल्या जंतूत हे असंच होतं का, हे कुणी पाहिलेलं मला सापडलं नाही. आपली जनावरं आपल्या जंतूने मरतात. ही जोडी जुळूच दिली नाही तर जंतू उपाशी मरेल, औषध शोधायला ही एक जागा आहे. सर म्हणाले, मग स्वच्छ नळीवर करून दाखव, आणि नवीन नळीसाठी पैसे मागू नकोस.

मे महिना लागला होता. जळगावच्या मे महिन्याबद्दल मी काही सांगत नाही, ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे. नळी धुवायला शुद्ध पाणी हवं, शुद्ध पाण्याला यंत्र, यंत्राला वाहतं पाणी, आणि नळ कोरडा. चार दिवस मी नुसती त्या यंत्राकडे बघत होते. पाचव्या दिवशी वसतिगृहाच्या व्हरांड्यातल्या कूलरखाली बसले होते, आणि लक्षात आलं की कूलरचा पंप तरी दुसरं काय करतो? खालचं पाणी वर, वरचं खाली, दिवसभर तेच. दोन बादल्या पाणी आणि एक पंप एवढं असलं तर यंत्र तेवढ्याच पाण्यावर थंड राहील. वसतिगृहाचा पंप कुणी काढू देणार नव्हतं, म्हणून मी त्याच दुपारी धुळ्याची एस.टी. धरली.

घरात एकच कूलर. नाना निवृत्त झालेले, त्यांना दम्याचा त्रास, आणि दुपारी ते त्या कूलरसमोर पडून असायचे. मी पंप मागायला आले आहे हे मला पटकन बोलवेना. पाणी प्याले, इकडचं तिकडचं बोलले, शेवटी सांगितलं. नाना उठले, कूलरचं मागचं झाकण काढलं, आणि वायर सोडवता सोडवता म्हणाले, "ली जाय माय. मी काय बरफना शे, का वितळी जासू?"

मी त्यांना नाही म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं नाही. त्या उन्हाळ्यात नाना ओला पंचा अंगावर घेऊन दारात बसून राहिले आणि मी जळगावला त्यांच्या पंपावर शुद्ध पाणी गाळत राहिले. याचं मला वाईट वाटतं, आणि वाईट वाटूनही मी पुन्हा तेच करीन.

तीन आठवड्यांत आठ कॅन भरले. पाचोऱ्याच्या मुलीने आणि मी बादल्यांमध्ये बाजारातून आणलेल्या बर्फाच्या लाद्या फोडून टाकल्या, म्हणजे पाणी तापू नये. मग नळी धुतली. ताज्या पाण्याने, भरपूर, आणि एकही थेंब परत न वापरता. प्रत्येक पेला मोरीत ओतताना जिवावर यायचं. नळीतून बाहेर पडणारं पाणी तपासलं, त्यात काही नाही हे वहीत लिहिलं. या वेळी क्रम उलटा ठेवला. आधी निकामी रूप काढलं, चालूचा वारासुद्धा नळीला लागायच्या आत. त्याची रेष आडवी. मग चालू काढलं. त्याची रेष जेमतेम खाली. मग निकामीच्या भांड्यात चालूचा मोजून एक थेंब टाकला.

रेष कोसळली. पाचोऱ्याची मुलगी म्हणाली, ताई, पुन्हा. आम्ही पुन्हा केलं. मग तिने एकटीने केलं आणि मी बाहेर जाऊन उभी राहिले, म्हणजे माझा हात लागल्यामुळे होतं असं कुणी म्हणायला नको. ती दार उघडून बाहेर आली तेव्हा रडत होती. मी नाही रडले. मी नानांना फोन करून सांगितलं की झालं, आणि पंप परवा घेऊन येते.

सरांनी आकडे तीन-तीनदा पाहिले, दुसऱ्या एका प्राध्यापकांना दाखवले, आणि नंतर खरंच खूश झाले. प्रकरण राहणार होतं. पण त्या प्रकरणाच्या सुरुवातीला मी एक पान लिहिलं होतं. त्यात पाणी नव्हतं, मी नळी एकाच पेल्याच्या विसळणाने धुतली, त्यामुळे हे आधी दिसलं, असं सरळ मांडलं होतं. सर म्हणाले, हे पान काढ. लोक हसतील. आपल्या प्रयोगशाळेत पाणी नाही हे जगाला कशाला सांगायचं? असं लिही की आफ्रिकेतल्या जंतूवरचं काम वाचून आपण आधीपासून ठरवून हा प्रयोग केला. शास्त्रात असंच लिहितात.

मी म्हटलं, सर, ठरवून केलेलं नाही. ते म्हणाले, सही हवी आहे ना?

तेव्हा मी हो म्हटलं. पान काढलेली प्रत त्यांना दाखवली, त्यांनी ती पसंत केली. मग मी छापखान्यात गेले आणि पान परत घातलं. चार प्रती बांधून सरांपुढे ठेवल्या. ते फोनवर कुणाशी तरी लग्नाच्या हॉलबद्दल बोलत होते. बोलता बोलता त्यांनी चारही प्रतींवर सह्या केल्या, आतलं एक पानही न उलटता. 'हा प्रबंध मी वाचला आहे' या वाक्याखाली. मी सरांना फसवलं. हो, फसवलं. खरं छापायला खोटं बोलावं लागलं, आणि यातलं कोणतं पाप माझ्या खात्यावर टाकायचं ते ज्याने त्याने ठरवावं.

काही महिन्यांनी खुली मौखिक परीक्षा झाली. बाहेरून परीक्षक आले होते, सरांहून वयाने मोठे, हळू बोलणारे. सभागृहात तीस-चाळीस माणसं. सरांनी माझी ओळख करून दिली आणि विषय सोपा करून सांगावा म्हणून म्हणाले की हे निकामी एन्झाइम म्हणजे घरातल्या बाईसारखं. स्वतः काही कमवत नाही, पण ती घरात असली की पुरुषाचं काम दुप्पट होतं. लोक हसले. माझी आई मागच्या रांगेत बसली होती. तिने मी शाळेत असल्यापासून लोकांच्या शेतात कापूस वेचला होता, आणि तीही सगळ्यांबरोबर थोडं हसली, कारण सभेत तसं हसायचं असतं. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

माझ्या बोलण्याचं पहिलं वाक्य मी घोकून ठेवलेलं होतं, ते मी सोडून दिलं. सरांनी दिलेली उपमा चुकीची आहे, असं म्हणून सुरुवात केली. ज्या रूपाला आम्ही पाच वर्षं निकामी म्हणत होतो त्याच्याशिवाय दुसऱ्याचं तोंडच उघडत नाही, आणि जंतू अडचणीत आला की तो याचीच संख्या वाढवतो, मग याला निकामी म्हणणारे आम्हीच अडाणी. आणि यात घर, बाई, पुरुष, जात काही आणू नका, हे दोन रेणू आहेत, ते जोडले गेले की काम होतं, एवढंच आहे आणि एवढं पुरेसं आहे. सभागृहात कुणी हसलं नाही.

सादरीकरण संपल्यावर परीक्षकांनी चष्मा काढला आणि विचारलं, "ही दोन रूपं एकत्र करून पाहावीत, असं मुळात का वाटलं?"

सर माझ्याकडे पाहत होते. मान किंचित हलवून आठवण करून देत होते, आफ्रिका, आधीचं वाचन, ठरवून. मी म्हणाले, "वाटलं नव्हतं सर. नळाला पाणी नव्हतं. मी नळी विसळणाने धुतली. चूक माझी होती आणि ती तिसऱ्या प्रकरणाच्या पहिल्या पानावर लिहिली आहे."

परीक्षक म्हणाले, ते पान मी वाचलंय, दोनदा वाचलंय, मला फक्त तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. मग ते सरांकडे वळून म्हणाले की अशी चूक लपवण्याची पद्धत सगळीकडे आहे, तुम्ही ती छापू दिलीत याचं मला विशेष वाटतं. सरांनी समोरची प्रत ओढली, तिसरं प्रकरण उघडलं आणि ते पान पहिल्यांदा वाचलं. शेवटपर्यंत वाचलं. मग मान वर करून परीक्षकांना म्हणाले, हो, तसं असायला हवं.

परीक्षक आत अहवाल लिहीत होते तेव्हा आम्ही दोघं बाहेर व्हरांड्यात उभे होतो. सर खाली अंगणातल्या स्कूटर बघत होते. मग म्हणाले, "मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर सही केली असती?"

खोटं बोलणं सरांना सोपं होतं. "नाही," ते म्हणाले.

"म्हणूनच नाही सांगितलं," मी म्हणाले, आणि आतून माझं नाव पुकारलं गेलं तशी त्यांच्या आधी दारातून आत गेले.